गुरुलिंगअप्पांचं पार्सल

विरेश हत्तुरेनं उभ्या जन्मात कंपनीकडं तीन गोष्टी मागितल्या, आणि नवल म्हणजे तिन्ही मिळाल्या. माणसानं मागताना जरा आजूबाजूला बघून मागावं. पण विरेशला कोण सांगणार? सोलापुरात इतकी वर्षं घरोघरी पार्सलं टाकून त्याची पक्की समजूत झाली होती की आपल्याला सगळं कळतं, आणि जे चुकतं ते मशीनमुळं चुकतं.

मशीन म्हणजे हातातला स्कॅनर. पार्सलावरच्या काळ्या रेघांच्या पट्टीवर धरायचा, टीं वाजलं की पार्सल तुमच्या नावावर चढलं. गिऱ्हाइकाच्या दारात त्याच्या मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा, की पार्सल तुमच्या नावावरून उतरलं. जुना स्कॅनर मांडीवर दोन रट्टे खाल्ल्याशिवाय जागाच व्हायचा नाही. उन्हाळ्यात तर तापून बंदच पडायचा, मग ड्रायव्हर लोक त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून फिरायचे. सोलापूरला टॉवेलांचा दुष्काळ नाही, तेवढंच सुख.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून कंपनीची माणसं आली. चिंचोळी एमआयडीसीतल्या गोदामात सगळ्या ड्रायव्हरांना खुर्च्यांवर बसवलं, भजी खाऊ घातली आणि विचारलं, स्कॅनरमध्ये काय सुधारणा पाहिजे ते मोकळेपणानं सांगा. बाकीचे भजी खात राहिले. शहाणे होते. विरेश मात्र उठून उभा राहिला.

"एक, पट्टी फाटकी असू दे, पुसकी असू दे, चुरगाळलेली असू दे, वाचता आली पाहिजे. दोन, एकदा नोंदलेलं पार्सल मधीच गायब व्हता कामा नये. वरनं कोणतरी खोडतंय आन बोंब आमच्या नावानं हुतीय."

गोदामाचा प्रमुख अनिलकुमार डोळ्यांनी खुणावत होता, बस की बे खाली. विरेश बसता बसता तिसरंही बोलून गेला.

"आन काही पार्सलं नुसती हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं फिरत राहत्यात बघा. ह्यो घेत न्हाय, त्यो घेत न्हाय. परत गेलेलं पार्सल पाठवणाऱ्यानं एकदा हातात घेतलं की विषय संपला पाहिजे. परत त्येच माझ्या टेम्पोत नको."

पुण्याच्या माणसांनी माना डोलावल्या आणि ती गेली. पुन्हा कधी दिसणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. पण दसऱ्याच्या तोंडावर नवे स्कॅनर आले की! हातात गुळगुळीत, उन्हात थंड, आणि बटण दाबायचीसुद्धा गरज नाही; समोर पट्टी आली की आपलं आपण वाचतं. फाटकी-चुरगाळलेली पट्टी असली तर उरलेली अंदाजानं भरून काढतं. वर बाईच्या आवाजात, शाळेतल्या पुस्तकासारख्या शुद्ध मराठीत बोलतं. ऐकू आलं नाही तर 'पुन्हा ऐका' म्हणून एक हिरवं बटणही होतं. अट एकच. चाचणीचे दिवस असल्यामुळं एकही पार्सल नावावर शिल्लक राहिलं तर दुसऱ्या दिवशीचा माल मशीनवर उघडणार नाही. आणि ज्याचा माल उघडत नाही त्याचा रस्ता दुसऱ्याला. दिवाळीच्या आधी टेम्पोवाल्याचा रस्ता जाणं म्हणजे काय हे ज्याचा गेलाय त्यालाच विचारा.

तर हे नवं मशीन घेऊन विरेश खंडेनवमीच्या दिवशी दुपारी जेवायला शेळगीतल्या घरी आला.

घरात बायको सिद्धेश्वरी आणि वडील गुरुलिंगअप्पा. अप्पा मार्केट यार्डात तोलार होते. कांद्याची पोती काट्यावर चढवायची, वजन ओरडून सांगायचं, शेतकरी आणि अडत्या यांची भांडणं ऐकायची, यात त्यांचा जन्म गेला. घरात कानडी, यार्डात मराठी, आणि काट्यावर कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असे जाड की लांबून आधी पट्टे दिसायचे, मग अप्पा. अव्वा, म्हणजे आई, गेल्यावर दोघा भावांनी बसून ठरवलं: पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत अप्पा विरेशकडं, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत थोरल्या गुरुराजकडं, कुर्डुवाडीला. गुरुराज तिथं रेल्वेच्या कारखान्यात. ठरवताना अप्पा तिथंच बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ते बोलले नाहीत. वाटणी सरळ झाली याचा दोघांना आनंदच झाला, मेल्यांना.

या खेपेला मात्र गुरुराजचा फोन आला होता. "विरेश, अरे, औंदा जरा अवघड हाय. धनलक्ष्मीची आई आलीय, पोराची बारावी हाय…" विरेशनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "अण्णा, दसऱ्याला पाठवालोय," म्हणाला आणि फोन ठेवला. बरोबरच होतं की त्याचं. त्याचे सहा महिने झाले होते. शिवाय अप्पांची खाट होती त्या कोपऱ्यात बसवायला एक लोखंडी कपाट सांगून ठेवलेलं होतं, ते दसऱ्याला येणार होतं.

खंडेनवमीला अवजारं पुजायची. त्या दिवशी अवजाराला काम लावायचं नाही, कारण आज ते देव असतं. सिद्धेश्वरीनं पाटावर विळी, कात्री, टेम्पोचा जॅक मांडला होता, झेंडूची फुलं वाहिली होती. अप्पांनी विरेशच्या हातातलं नवं मशीन बघितलं.

"हे काय हाय?"

"स्कॅनर हाय, अप्पा. नवीन."

"अवजारच हाय की मग. ठेव पाटावर."

"अप्पा, चालू हाय ते, अजून निम्मी पार्सलं…"

"ठेव म्हणालोय."

विरेशनं ठेवलं. अप्पांनी विभूतीचा गोळा बोटांवर उगाळला, स्वतःच्या कपाळावर नव्यानं ठसठशीत पट्टे ओढले आणि मशीनलाही लावावेत म्हणून खाली वाकले. कपाळावर घाम होता. पट्टे कुठं तुटले होते, कुठं जाड, कुठं बारीक, आणि मधून सुरकुत्या गेलेल्या. मशीनच्या काचेसमोर ते कपाळ आलं.

टीं.

"पार्सल नोंदले," मशीन म्हणालं. "पट्टी खराब आहे. अंदाजे वाचली."

अप्पा दचकून मागं सरले. "कोण बोललं?"

विरेशनं मशीन उचलून बघितलं. यादीत शेवटी एक नवं पार्सल चढलं होतं. पत्ता रिकामा, वजन रिकामं, शेजारी छोटासा फोटो. फोटोत कपाळ होतं.

त्यानं खोडायचा प्रयत्न केला. खोडायचं बटणच नव्हतं. त्यानंच सांगून काढायला लावलं होतं. त्यानं मशीन बंद करून चालू केलं. मांडीवर दोन रट्टेही दिले, जुन्या सवयीनं. मशीन म्हणालं, "कृपया उपकरण काळजीपूर्वक हाताळा." सिद्धेश्वरी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "उपकरण म्हणं!" ती म्हणाली. "हसू नको ग," विरेश ओरडला, "उद्या माल उघडणार न्हाय माझा!" तेव्हा तिचं हसू थांबलं.

त्यानं कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडून एक मुलगी बोलली, "नमस्कार सर, मी बुद्धप्रिया. काय मदत करू?"

"मॅडम, एक पार्सल चुकून नोंदलं गेलंय."

"पार्सलमध्ये काय आहे, सर?"

"वडील."

"वडिलांसाठी काही आहे का?"

"न्हाय, वडीलच हायत."

पलीकडं कीबोर्ड खडखडला. मग बुद्धप्रिया म्हणाली, "सर, मग 'नाजूक' लिहू का?"

"अहो, रद्द करा की!"

"सर, मला मनापासून वाईट वाटतं. पण नव्या सुधारणेत नोंदलेलं पार्सल नाहीसं होत नाही. ते पोचतं, नाहीतर परत जातं. सोलापूरच्या ड्रायव्हर लोकांनी फार आग्रहानं मागितलंय ते." विरेशनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "पाठवणाऱ्याचं नाव काय टाकू, सर?"

"टाका माझंच. विरेश गुरुलिंग हत्तुरे, शेळगी."

"आणि जायचंय कुठं?"

इथं त्यानं 'कुठंच नाही, घरचंच आहे, घरीच राहू द्या' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. सख्खा बाप, स्वतःचं घर, दोन पावलांवर खाट. पण माणसाच्या जिभेवर तेच येतं जे मनात घोळत असतं.

"कुर्डुवाडीला," तो म्हणाला. "उद्या जाणारच हायत ते. गुरुराज हत्तुरे म्हणून लिहा."

"घेणाऱ्यांना माहीत आहे ना, सर?"

"म्हणजे काय! दर दसऱ्याला जात्यात."

बुद्धप्रियानं लिहून घेतलं आणि पार्सल उद्याच्या मालात टाकलं, म्हणजे आजच्या हिशेबात ते शिल्लक राहिलं नाही. अप्पा भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. सिद्धेश्वरीनं विचारलं, "अप्पा, तुमाला राग न्हाय आला?" अप्पा म्हणाले, "कशाचा राग? दर साली जातोयच की. औंदा पावती मिळंल एवढंच."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, अप्पांना घेऊन विरेश चिंचोळीच्या गोदामात गेला. माल गोदामाच्या फाटकातून नोंद होऊनच बाहेर पडला पाहिजे, हा नियम. दर वर्षी अप्पा रेल्वेनं खिडकीत बसून जायचे, भेळ खात. औंदा कंपनीच्या गाडीतून.

अनिलकुमार कपाळाला कुंकू लावून, नव्या शर्टात उभा होता. "माल कुठाय?"

"बसलाय की टेम्पोत."

अनिलकुमारनं वाकून बघितलं. अप्पांनी त्याला नमस्कार केला, "शरणु." अनिलकुमारनंही केला. माणूस वाईट नव्हता. फक्त नियम दिसला की त्याला पुढचं काही दिसायचं नाही. "वजन करावं लागेल," तो म्हणाला.

काटा म्हटल्यावर अप्पांच्या अंगात वारं आलं. चपला बाहेर काढल्या. काट्याला हात लावून तो कपाळाला लावला, यार्डात रोज सकाळी लावायचे तसा. मग ताठ उभे राहिले.

"एकोणपन्नास," अनिलकुमारनं वाचलं.

"काटा मारतोय तुमचा!" अप्पा गरजले. "त्रेसष्ट किलोचा माणूस हाय मी. जन्म गेलाय काट्यावर माझा, मला शिकवतोस व्हय रे? कंपनीवाले हायसा का लुटारू?"

अनिलकुमारनं शांतपणे मापाचं लोखंडी वजन आणून ठेवलं. काटा बरोबर होता. दुसरं ठेवलं. तेही बरोबर. अप्पा खाली उतरले, चपला घातल्या. विरेश त्यांच्या मनगटाकडं बघत राहिला. सहा महिने एका छपराखाली, एका पंगतीला बसून त्याला हे दिसलं नव्हतं. एक कांद्याचं पोतं कमी झालं असतं तर टेम्पो चालवताना कळलं असतं त्याला, पण बाप एवढा कमी झाला ते कळलं नाही. त्याला कसंतरी झालं. मग अनिलकुमारनं हाक मारली आणि ते तिथंच राहिलं.

नवी पट्टी कपाळावर लावायला अप्पांनी साफ नकार दिला, म्हणून ती सदऱ्याच्या खिशावर चिकटवली. खाली लाल अक्षरात 'नाजूक'. विरेश त्यांना पुढच्या सीटवर बसवायला लागला तर मशीन बोललं, "चालकाच्या कक्षात माल ठेवण्यास मनाई आहे." आणि 'हा माल नाही, माणूस आहे' असं म्हणावं तर माणूस बसवायलाही मनाईच होती, कॅमेरा होता समोर. शेवटी अप्पा मागं बसले. कुणाची तरी गुंडाळलेली गादी होती, तिच्यावर. मधली खिडकी विरेशनं उघडी ठेवली.

टेम्पो मोहोळच्या दिशेनं निघाला. थोड्या वेळानं मशीन म्हणालं, "एक पार्सल आडवे झाले आहे. कृपया सरळ ठेवा."

"बाईला म्हणावं पाठ दुखालीय माझी," मागून अप्पा.

"अप्पा, बसा की सरळ, माझी तक्रार जाईल."

"बसतो बाबा. माझ्यापायी कुणाचं काम अडू नये."

त्यांना वाईट वाटत होतं की मजा येत होती, कळायला मार्ग नव्हता. मोडनिंबला एका दुकानदाराचं खोकं द्यायचं होतं. अप्पांनी ते स्वतः उचलून दिलं, त्यावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, "सोनं घ्या." दुकानदारानं त्यांच्या खिशावरची पट्टी वाचली. "हे कुटं चाललंय?"

"कुर्डुवाडीला," अप्पा म्हणाले.

"आन घेणारा घेतंय न्हवं? आमच्या हितं मिक्सर पाठवलाता, तीनदा परत आला."

"बघू की," अप्पा म्हणाले आणि पुन्हा गादीवर जाऊन बसले. विरेशनं चहा सांगितला होता, तो त्यांनी घेतला नाही.

गुरुराजचं घर रेल्वेच्या कॉलनीपलीकडं. टेम्पो दारात थांबला तेव्हा गुरुराज बाहेरच उभा होता, मोबाइल हातात धरून. त्याच्या मोबाइलवर सकाळपासून निरोप येत होते. 'आपले पार्सल निघाले आहे.' 'आपले पार्सल मोडनिंब येथे आहे.' आणि आत्ता आकडा आला होता.

"ह्ये काय लावलंयस बे तू? वडलांचं पार्सल?"

"अण्णा, आधी आकडा सांग. मग सगळं सांगतो. माझं काम जायची पाळी आलीय तिकडं."

गुरुराजनं मोबाइल पाठीमागं धरला. "फोनवर सांगितलं न्हवतं तुला? घरात पाय ठेवायला जागा न्हाय. धनलक्ष्मीची आई…"

"माझ्याकडं काय बंगला हाय का? सहा महिने झाले माझे."

"दिवाळीपर्यंत ठेव. मग बघू."

"दर वेळी बघूच! पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पाठवतोस की न्हाय तू?"

"तू काय कमी? दसऱ्याचं सोनं लुटायच्या आत बाप हितं हजर!"

दोघांचा आवाज वाढला. शेजारची दारं उघडली. मग दोघांनाही लाज वाटून आवाज खाली आला, आणि खालच्या आवाजात जे चाललं ते जास्त वाईट होतं. मशीनवर कारणांची यादी उघडली होती: ग्राहक घरी नाही, पत्ता सापडला नाही, ग्राहकाने नाकारले, पाकीट फाटलेले आहे. दोघं सख्खे भाऊ डोकी जवळ आणून ती वाचायला लागले.

"'घरी नाही' टाक की," गुरुराज म्हणाला.

"कॅमेऱ्यात दिसालायस तू."

"मग 'पत्ता सापडला न्हाय'."

"अण्णा, दारात उभा हाय मी तुझ्या!"

मधल्या खिडकीतून अप्पांचा आवाज आला. "पाकीट फाटलंय म्हणून टाका. ते तरी खोटं न्हाय."

दोघांची डोकी लांब झाली. अप्पा मागच्या बाजूनं हळूहळू खाली उतरले, गादीला धरून. सदऱ्यावर 'नाजूक', हातात पिशवी.

"यार्डात अशीच भांडणं व्हायची," ते म्हणाले. "शेतकरी म्हणायचा माल चांगला हाय, अडत्या म्हणायचा नासका हाय. पोतं मधी पडलेलं. मला लई वाटायचं, बरं हाय पोत्याला कान न्हाईत." मग त्यांनी विरेशच्या हातातलं मशीन डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं, 'ग्राहकाने नाकारले' वर बोट ठेवलं आणि दाबलं.

"खात्री आहे का?" मशीननं विचारलं.

"व्हय म्हणायला कुटं दाबायचं?"

कुणी सांगितलं नाही. त्यांनीच शोधून दाबलं. "पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जात आहे," मशीन म्हणालं. अप्पांनी पिशवीतून आपट्याची पानं काढली, थोरल्याच्या हातावर ठेवली. "सोनं घे. सोन्यासारखा ऱ्हा." गुरुराज वाकून पाया पडला. त्याचे डोळे भरले होते, पण आकडा त्यानं सांगितला नाही. अशी असतात माणसं. डोळे वेगळे, हात वेगळे.

परतीच्या वाटेवर विरेश नुसता धुमसत होता. भावाचा राग येत होता, मशीनचा येत होता, पुण्याच्या माणसांचा येत होता. मोहोळ गेल्यावर हे राग एकेक करून संपले आणि मागं जो उरला तो कुणाचा ते त्याला चांगलं ठाऊक होतं. मशीननं पुन्हा सांगितलं की एक पार्सल आडवे झाले आहे. विरेशनं मागं वळून बघितलं. अप्पा गादीवर मुटकुळं करून झोपले होते. त्यानं मशीनवर आपला टॉवेल टाकला आणि टेम्पो सावकाश चालवला. माल सरळ नसल्याची तक्रार गेली तर गेली.

शेळगीला पोचले तेव्हा दिवे लागले होते. लोक एकमेकांना सोनं देत गल्लीतून फिरत होते. घराचं दार उघडं होतं आणि दारातूनच ते नवं लोखंडी कपाट दिसत होतं, खाटेच्या जागी उभं, आरशावर हळदीकुंकू. खाट घडी करून भिंतीला लावलेली. सिद्धेश्वरी बाहेर आली, सासऱ्याला बघितलं आणि काय झालं असेल ते तिला विचारावं लागलं नाही.

"या की अप्पा, आत या."

अप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले. "अजून पोचलो न्हाय मी. त्याला विचार."

विरेशच्या खिशात मोबाइल वाजला. आकडा आला होता. देणारा तोच, घेणारा तोच, आणि बाप दोघांच्या मधी उभा. मशीनवर दोनच चौकोन होते, 'स्वीकारले' आणि 'नाकारले'. मशीन आपल्या शुद्ध मराठीत सांगायला लागलं, "पाठवणाऱ्याने पार्सल न स्वीकारल्यास ते बेवारस माल म्हणून भिवंडीच्या गोदामात जमा करण्यात येईल."

"भिवंडीला कसं हाय पाणी?" अप्पांनी विचारलं. चेष्टेनंच विचारलं, पण पिशवी अजून खाली ठेवली नव्हती.

विरेशला रडू फुटलं. भर सणाचं, भर गल्लीत, चाळिशीला आलेला माणूस, कंपनीचा शर्ट घालून ढसाढसा रडला. शेजारचे सोनं द्यायला आलेले तसेच मागं फिरले. "अप्पा, चुकलं माझं," तो म्हणाला. "मला कुणी विचारलं ना, कुटं जायचंय, तर मी कुर्डुवाडी म्हणालो. घर म्हणायचं सुचलंच न्हाय बघा मला."

"मला तरी कुटं सुचलं," अप्पा म्हणाले. "मी बी बसलोच होतो की तिथं." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आकडा टाक. पाय दुखाल्यात."

डोळ्यांतल्या पाण्यानं विरेशला आकडे नीट दिसेनात. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा सिद्धेश्वरीनं मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला. टीं वाजलं, आणि मशीन बोललं.

"पार्सल पाठवणाऱ्याने स्वीकारले. हे पार्सल यापुढे कोठेही पाठवता येणार नाही."

मग सिद्धेश्वरी आत गेली आणि ते नवंकोरं कपाट एकटीच ओढायला लागली. फरशीवर कर्रकन आवाज झाला. "अहो, येता का हात लावायला? गॅलरीत जाईल ह्ये. न्हाय गेलं तर विकू." विरेशनं डोळे पुसले, पण तो आत जायच्या आधी अप्पांनी त्याचा हात धरला.

"बाई काय म्हणाली शेवटी? नीट ऐकू आलं न्हाय."

"म्हणाली, आता तुमाला कुटंच पाठवता येणार न्हाय."

अप्पांनी उंबऱ्यावर एक पाय ठेवला. पिशवी कोपऱ्यात ठेवली. सदऱ्यावरची पट्टी नखानं सोलून काढली, नीट घडी केली आणि खिशात टाकली. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, हे विरेशला त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

"तसं न्हाय," अप्पा म्हणाले. "तिच्या तोंडनं ऐकू दे. परत एकदा लाव की."

विरेशनं हिरवं बटण दाबलं.